ळ ने सुरू होणारा शब्द

सोमवारी फळ्यावर ळ काढला,
नाकावरून घसरलेल्या चष्म्यासारखा.
म्हटलं, हे अक्षर जरा बुजरं आहे,
शब्दाच्या दारात कधी उभं राहत नाही.
मधे बसतं, नाहीतर पार शेवटी:
शाळा. फळा. गूळ. रंकाळा.

सव्वीस जिभा मागं वळल्या.
पंचविसांचा ळ झाला.
लाली महतोचा ल च राहिला.
"शाला," ती म्हणाली, "फला. गूल."
पोरं हसली. मी डस्टर आपटला,
खडूच्या धुरळ्याबरोबर हसूही खाली बसलं.

लाली जूनमध्ये आली.
वडील उद्यमनगरात, फौंड्रीत साचे भरतात.
आईला मराठी येत नाही, मला तिची बोली.
पालकसभेला आम्ही दोघी
एकमेकींकडे बघून नुसत्या माना हलवतो
आणि सही होते.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपते न संपते
तोच अलफिया मुजावर ओरडली,
"बाई! आजच्या वारातच हाय की ळ!"
मंगळवार.
तीस वर्षं शिकवतेय, मला दिसला नव्हता.
मग काय, वर्ग शिकारीला निघाला.
नळ, खिळा, केळ, कपाळ,
खिचडीच्या पातेल्यात तांदूळ आणि डाळ,
समर्जितच्या गुडघ्यावर खपलीखालचं काळंनिळं.
"बाई, शिवीतबी हाय," तो म्हणाला,
आणि देऊनही दाखवली.
ती मी मोजली नाही.
तिच्यात दोन होते.

बुधवारी उजळणी. लाली खिडकीकडे बघत होती.

गुरुवारी शिकवणं झालं नाही.
वरून निरोप: माहिती तातडीने भरा,
स्वच्छतागृहाची दारं किती, कड्या किती,
लागणाऱ्या किती.
मी मोबाईल घेऊन कड्या लावत, काढत फिरले.
लांबून वर्गाचा गलका येत होता,
मधेच तो एकदम थांबला,
आणि पोरं गप्प झाली की जी भीती वाटते
ती मला वाटली.
जाऊन बघायला वेळ झाला नाही.
त्या तासाला कोण काय शिकलं
याचा रकाना माहितीत नव्हता.

शुक्रवारी दोनदोनचा पाढा, दाराबाहेरच्या पायताणांवर.
पोरं सव्वीस. पायताणं एक्कावन्न.
पुन्हा मोजली. एक्कावन्न.
मुआज बागवान सांगत होता, कुत्र्यानं नेलं असणार,
पण एक पाय बाकाखाली दुमडून बसला होता.
शार्दूल सातपुते वाकला, बघितलं,
हसला नाही.
घरात रापी आणि चामडं बघत वाढलेलं पोर ते.
एवढंच म्हणाला, "अंगठा तुटलाय. पप्पा लावत्यात."
मी फळ्यावर बावन्न लिहिलं.

शनिवारी सकाळची शाळा.
लाली उशिरा आली, वेण्या ओल्या, धापा टाकत.
"बाई, मी आलो," म्हणाली, इथल्या पोरींसारखी,
आणि पुढं एका दमात,
"काळ पाणीच नाय आळं नळाळा!"

वर्ग हसला. ती पण हसली.
आता थांबायला तयार नव्हती,
कोळ्हापूर, पाऊळ, फूळ, मुळगी,
नवी शिट्टी मिळालेल्या पोरासारखी वाजवत होती.
"कुणी शिकवलं गं?"
तिनं अलफियाकडे बोट केलं.
अलफियानं तोंड उघडून दाखवलं,
"जीभ अशी दुमडायची बाई, वर टेकवायची,
मग सोडून द्यायची. गुरुवारी सगळ्यांनी
गप बसून तिचं ऐकलं."

पाट्या तपासताना तिची हातात आली.
वरच्या कोपऱ्यात, जिथं नाव लिहायचं,
तिथं दोन चष्मे, दोघांना काने,
एकावर वेलांटी:
ळाळी.

अक्षर दारात उभं होतं,
चांगलं छाती काढून.

घंटा झाली. मी ओलं फडकं उचललं,
आणि टेबल पुसलं.
दुरुस्ती करायचीच आहे.
सोमवारी बघू, क्ष च्या आधी.